कापडाचे पंख

तुम्ही घार उडताना पाहिली असेल. पण नीट पाहिली आहे का? मान वर करून, पाच-दहा मिनिटे?

गोंदिया जिल्ह्यातील तिरोडा तालुक्यात चोरखमारा नावाचे गाव आहे. गावाजवळ मोठा तलाव आहे. नागझिरा अभयारण्याचे जंगल तेथून जवळच आहे. अभयारण्यात जाण्याचे एक प्रवेशद्वारही चोरखमारा येथे आहे. हिवाळ्यात लोक तेथे वाघ आणि पाहुणे पक्षी पाहायला येतात. आपण मात्र आज साधी घार पाहणार आहोत.

सकाळी ऊन कोवळे असते, तेव्हा घार झाडावर बसून राहते. दहा-अकरा वाजले की ती हवेत झेप घेते. दोन-चार वेळा पंख हलवते आणि मग पंख हलवणे थांबवते. पंख पसरून ती गोल गोल फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत थोडी वर चढते. पंख न हलवता ती वर कशी जाते?

उन्हामुळे जमीन तापते. जमिनीला लागून असलेली हवाही तापते. तापलेली हवा हलकी होते आणि वर चढू लागते. घार या वर चढणाऱ्या हवेत शिरते आणि तिच्याबरोबर वर जाते. आता आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. घार अशा फेऱ्या बहुधा तलावाच्या पाण्यावर घेत नाही. ती कोरड्या शेतावर, खडकाळ माळावर किंवा गावाच्या छपरांवर घेते. पाणी लवकर तापत नाही. त्यामुळे दिवसा पाण्यावरची हवा थंड असते आणि ती वर चढत नाही. ही गोष्ट घारीला कोणी शिकवावी लागत नाही. माणसाला मात्र शिकावी लागते, कारण आता माणूसही घारीसारखा उडतो. तो ज्या साधनाने उडतो त्याला पॅराग्लायडर म्हणतात.

पॅराग्लायडरला इंजिन नसते. लाकडी किंवा लोखंडी सांगाडा नसतो. तो फक्त कापडाचा पंख असतो. हा पंख कापडाच्या दोन थरांचा असून त्याच्या आत अनेक कप्पे असतात. पुढच्या कडेला कप्प्यांची तोंडे उघडी असतात. पायलट उतारावरून धावू लागला की हवा या तोंडांतून आत शिरते, कप्पे फुगतात आणि पंखाला आकार येतो. पंखापासून बारीक दोऱ्या खाली येतात. त्या पायलटच्या खांद्याजवळच्या पट्ट्यांना जोडलेल्या असतात. पायलट एका मजबूत बैठकीत बसतो. तिला हार्नेस म्हणतात. दोन्ही हातांत ब्रेकच्या दोऱ्या असतात. उजवी दोरी ओढली की पंख उजवीकडे वळतो, डावी ओढली की डावीकडे वळतो.

या खेळाचे वय फार नाही. १९७८ साली फ्रान्समधील म्यूसी या गावी काही तरुण चौकोनी हवाई छत्री घेऊन डोंगराच्या उतारावरून धावले आणि दरीत उडत उतरले. तोपर्यंत हवाई छत्री विमानातून उडी मारण्यासाठी वापरत असत. पुढे दहाच वर्षांनी, १९८८ मध्ये, ज्याँ-मार्क ब्वाव्हँ हा फ्रेंच गिर्यारोहक एव्हरेस्टच्या शिखरावरून पॅराग्लायडरने खाली आला. पाठीवर घेऊन शिखर चढता येईल इतका हलका पंख असावा, ही गिर्यारोहकांची इच्छा तेव्हापासूनची आहे.

आपल्या महाराष्ट्रात हा खेळ पाहायचा असेल, तर पुणे जिल्ह्यातील कामशेत येथे जावे. हे गाव मुंबई-पुणे लोहमार्गावर, लोणावळ्याच्या पुढे आहे. आजूबाजूला सह्याद्रीचे डोंगर आहेत. पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून मे महिन्यापर्यंत तेथे उड्डाणे चालतात. साताऱ्याजवळ पाचगणीलाही उड्डाणे होतात. पण शिकणाऱ्यांची गर्दी कामशेतला अधिक.

शिकायला आलेला मुलगा किंवा मुलगी पहिल्या दिवशी उडत नाही. हे ऐकून काहींचा विरस होतो. आधी सपाट जागेवर पंख फुगवायचा, डोक्यावर स्थिर धरायचा, पुन्हा खाली ठेवायचा. हाच सराव सुरुवातीला पुन्हा पुन्हा करावा लागतो. मग लहान टेकडीवरून छोटे उड्डाण. शिक्षक वॉकी-टॉकीवरून सूचना देत असतात. उड्डाणाआधी रोज एकच प्रश्नोत्तर चालते. शिक्षक विचारतात, "हेल्मेट?" विद्यार्थी हनुवटीखालचा पट्टा हाताने ओढून पाहतो आणि म्हणतो, "बांधले, सर." "छातीचा पट्टा?" "बांधला, सर." "मांड्यांचे पट्टे?" येथेही नुसते 'हो' चालत नाही. हात लावून पाहावे लागते.

मांड्यांच्या पट्ट्यांची एवढी काळजी का? कारण ते बांधले नसले, तरी पायलट जमिनीवर उभा असेपर्यंत काहीच बिघडत नाही. पंख फुगतो. धाव नीट होते. पाय जमिनीवरून उचलले गेले की मात्र माणूस बैठकीतून खाली घसरतो आणि फक्त काखांवर लोंबकळत राहतो. हात ब्रेकपर्यंत पोहोचत नाहीत. तोवर जमीन दूर गेलेली असते. शेकडो उड्डाणे केलेल्या अनुभवी माणसांनीही ही चूक केली आहे. बहुतेक वेळा कोणीतरी मधेच गप्पा मारायला आले, पट्टा बांधायचा राहिला आणि मन म्हणाले, "बांधला असेल." म्हणून नियम असा आहे की तपासणीत मधे खंड पडला, तर ती पहिल्यापासून करायची.

पट्टे झाले की दोऱ्या पाहायच्या. कुठे गाठ आहे का? काडी अडकली आहे का? मग पंखाची सर्व तोंडे उघडी आहेत का? वारा समोरून येतो आहे का? आणि शेवटी, आकाशात आपल्या वाटेत दुसरा कोणी आहे का?

वाऱ्याचा हिशेब सोपा आहे. तो तुम्हीही करू शकता. साधा पॅराग्लायडर हवेत ताशी सुमारे ३५ किलोमीटर वेगाने पुढे जातो. समोरून ताशी १५ किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर जमिनीवरून पाहणाऱ्याला तो ताशी २० किलोमीटर वेगाने जाताना दिसेल. वारा ताशी ३५ किलोमीटर असेल, तर तो एका जागी उभा दिसेल. वारा त्याहून वाढला तर? पायलट तोंड पुढे करून मागे मागे जाऊ लागेल. मागे डोंगरमाथा आहे, आणि माथ्याच्या पलीकडे वारा खवळलेल्या पाण्यासारखा उलटसुलट फिरत असतो. म्हणून वारा जोराचा असेल, तर शहाणा पायलट पंख पिशवीतून काढतच नाही.

नवख्याने सकाळी किंवा संध्याकाळी उडावे. तेव्हा हवा शांत असते. भर दुपारी, विशेषतः उन्हाळ्यात, हवा फार जोराने वर चढते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत शेतात धुळीची वावटळ उठते, ती तुम्हाला माहीत आहे. ती वाळलेली पाने आणि कागद गरगर फिरवत उंच नेते. जमिनीवर पसरलेला पंखही ती माणसासकट उचलू शकते.

पण सर्वांत मोठा धोका वादळी ढगाचा. २००७ साली फेब्रुवारी महिन्यात ऑस्ट्रेलियातील मॅनिला गावाजवळ जागतिक स्पर्धेपूर्वीचा सराव चालू होता. एवा विश्निएर्स्का ही जर्मनीची निष्णात पायलट दोन वादळी ढगांच्या मधून जायला निघाली. ढगाने तिला वर ओढले. खाली येण्याचे तिचे सारे प्रयत्न फुकट गेले. ती सुमारे ९,९०० मीटर उंचीवर पोहोचली. म्हणजे एव्हरेस्टपेक्षाही उंच! तेथे श्वासाला पुरेशी हवा नव्हती. अंगावर बर्फ जमले. ती बराच वेळ बेशुद्ध होती. पंख तिला घेऊन तसाच उडत राहिला. खाली आल्यावर ती शुद्धीवर आली आणि जिवंत उतरली. त्याच वादळात सापडलेला एक चिनी पायलट मात्र मरण पावला. एवाचे कौशल्य कमी नव्हते. दूरवर काळा ढग वाढताना दिसला की उडायचे नाही आणि हवेत असलो तर लगेच उतरायचे, एवढाच यावर उपाय आहे.

उतरण्याचा विषय निघाला म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. अब्बास इब्न फिर्नास हे नाव तुम्ही उर्दूच्या किंवा इतिहासाच्या तासाला ऐकले असेल. नवव्या शतकात ते स्पेनमधील कुर्तुबा शहरात राहत होते. सतराव्या शतकातील इतिहासकार अल-मक्करी यांनी लिहिले आहे, की इब्न फिर्नास अंगाला पिसे व पंख लावून उडाले. ते काही अंतर गेलेही. पण उतरताना त्यांच्या पाठीला दुखापत झाली. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो आणि त्यांनी शेपटी लावली नव्हती, असे कारण त्यात दिले आहे. पॅराग्लायडरलाही शेपटी नसते. त्याऐवजी पायलट वाऱ्याकडे तोंड करतो, बैठकीतून पाय खाली सोडून उभा राहतो आणि जमीन अगदी जवळ आली की दोन्ही ब्रेक एकदम खाली ओढतो. पंखाचा वेग कमी होतो आणि पाय अलगद टेकतात.

आता तुमच्यापैकी कोणी विचारील, "चोरखमारा येथे घार उडते, मग आपण तेथे का उडू नये?" प्रश्न चांगला आहे. घारीला उतरायला फांदी पुरते. माणसाला मोकळे, कोरडे आणि विजेच्या तारा नसलेले मैदान लागते. येथे एका बाजूला जंगल आहे. तेथे वन विभागाच्या परवानगीशिवाय पाऊलही ठेवता येत नाही, कारण २०१३ पासून हा भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. झाडावर अडकलेला माणूस वाघाच्या रानात कोण शोधणार? दुसऱ्या बाजूला तलाव आहे. पाण्यात उतरणे दिसायला मऊ वाटते, पण ते फार घातक असते. पट्टे बांधलेलेच असतात, पंख भिजून जड होतो आणि दोऱ्या हातापायांना गुंडाळतात. चांगले पोहणाराही त्यात बुडू शकतो. शिवाय पाण्यावरून उंचीचा अंदाज चुकतो. दहा माणसे उंच असूनही पाय टेकले असे वाटते. म्हणून पाण्यात उतरणे टळतच नसेल, तर पट्टे आधी सैल करावेत, पण पाय प्रत्यक्ष भिजेपर्यंत बैठक सोडू नये.

राहिली धानाची शेते. पावसाळ्यात बांध्यांत पाणी असते. कापणीनंतर त्या कोरड्या होतात, पण धसकटे उभी असतात. ती माणसाला फार लागणार नाहीत. पंखाला मात्र लागतील, आणि हलक्या पंखाला तर नक्कीच.

हा हलका पंख म्हणजे काय, ते पाहू. नेहमीच्या पंखाचे वजन चार ते सहा किलो असते. हलका पंख दोन-तीन किलोचाही असतो. नेहमीचे कापड दर चौरस मीटरला सुमारे ४० ग्रॅम भरते. हलके कापड सुमारे २७ ग्रॅम भरते. पंखाच्या दोन्ही थरांना मिळून ५० चौरस मीटर कापड लागते असे धरा. किती वजन वाचले? फक्त ६५० ग्रॅम! बाकीचे वजन पट्टे अरुंद करून, दोऱ्या बारीक करून आणि त्यांच्यावरचे संरक्षक आवरण काढून वाचवलेले असते. म्हणजे हलका पंख उडताना कमजोर नसतो. तोही त्याच चाचण्यांतून जातो. पण घासणे, ओढणे, ऊन हे त्याला कमी सोसते. डोंगर चढणाऱ्याला तो वरदान आहे. रोज खडकाळ जागी सराव करणाऱ्याने मात्र जाड कापडाचाच पंख घ्यावा, असे माझे मत आहे.

पंखाचे कापड नायलॉनचे असते. ऊन हा त्याचा मोठा शत्रू. उन्हात पडून राहिलेले कापड वरून नवे दिसते, पण आतून त्याची ताकद जाते आणि त्यातून हवा झिरपू लागते. म्हणून उड्डाण संपले की पंख लगेच पिशवीत घालावा. तो जमिनीवरून फरफटत नेऊ नये. गवत, वाळू, काड्या झटकून टाकाव्यात. डाग पडला तर साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने पुसावा. साबण, सोडा किंवा ब्रश वापरू नये. भिजलेला पंख सावलीत, वाऱ्यावर वाळवावा. ओला पंख तसाच गुंडाळून ठेवला तर त्याला बुरशी लागते. घडी घालताना कप्प्यांवर कप्पे ठेवावेत आणि घडी फार घट्ट दाबू नये. घरात धानाच्या पोत्यांजवळ तर तो मुळीच ठेवू नये. तेथे उंदीर येतात आणि उंदराला साडी काय, पंख काय, सारखेच!

लहान फाटलेल्या जागी खास चिकटपट्टी लावता येते. शिवणीजवळ फाटले किंवा दोरी झिजली, तर तो कारखान्यात किंवा जाणकाराकडेच पाठवावा. घरचा सुई-दोरा तेथे चालत नाही. वर्ष-दोन वर्षांनी, पंख बनवणाऱ्याने सांगितले असेल तेव्हा, पूर्ण तपासणी करून घ्यावी. तेथे यंत्राने कापडातून हवा किती झिरपते ते मोजतात, दोऱ्यांची लांबी मोजतात, आणि एखादी दोरी मुद्दाम तुटेपर्यंत ताणूनही पाहतात. राखीव छत्रीही ठरलेल्या वेळी उलगडून, हवा देऊन पुन्हा बांधावी लागते.

आणि घडी घालण्यापूर्वी प्रत्येक कप्प्यात डोकावून पाहावे. गवतात पसरलेल्या पंखात नाकतोडे शिरतात. एक नाकतोडा आत राहिला, तर तो बाहेर पडण्यासाठी कापड कुरतडतो. चिरडला गेला, तर त्याचा डाग कापड खराब करतो. कामशेतच्या माळावर संध्याकाळी गेलात, तर दिवसभर आकाशात फिरून आलेली मोठी माणसे गुडघ्यांवर बसून, कापडात डोके घालून नाकतोडे शोधताना तुम्हाला दिसतील.