मोटारसायकलवर विजेचे सॉकेट बसविणे

पिकांची पाहणी, नुकसानीचा पंचनामा, शेतकऱ्यांची सभा अशा कामांसाठी गावोगाव हिंडणाऱ्या कार्यकर्त्याचा फोन हे आज त्याचे दप्तरच झाले आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून शेतकऱ्यासही आपल्या पिकाची नोंद शेतात उभे राहून, छायाचित्रासह, फोनवरून करावी लागते. नेटवर्क शोधण्यात व जागा निश्चित करण्यात फोनची बॅटरी झपाट्याने उतरते. दुपारी शिवाराच्या टोकाला फोन बंद पडला म्हणजे पुढचे सारे काम दुसऱ्या दिवसावर जाते. मोटारसायकल मात्र अशा वेळी बरोबर असतेच. तिच्यावर बारा व्होल्टचे एक सॉकेट बसविले की ही अडचण दूर होते.

काम अवघड नाही. ज्याला पाना आणि पक्कड धरता येते त्याने ते दोन-तीन तासांत करावे इतके ते सोपे आहे. परंतु चुकीच्या रीतीने केले तर फोन चार्ज होतो आणि गाडी चालू होत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे पेट्रोलच्या टाकीखाली तार जळते. दहा मिनिटांत सॉकेट लावून देणारे मेस्त्री बाजारात पुष्कळ आहेत. ते बॅटरीपासून दोन तारा थेट सॉकेटपर्यंत नेतात व पैसे घेतात. ही जोडणी का चुकीची आहे हे कळण्यासाठी गाडीतील विजेचा हिशेब प्रथम पाहिला पाहिजे.

गाडीतील विजेचा हिशेब

उंचावरील टाकीतून पाइपाने पाणी सोडावे तसा हा प्रकार आहे. टाकीतील पाण्याची उंची म्हणजे व्होल्ट, पाइपातून वाहणारी धार म्हणजे अँपिअर, आणि टाकीत एकंदर मावणारे पाणी म्हणजे अँपिअर-तास. व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट येतात. इंजिन फिरत असताना त्यातील मॅग्नेटची कॉइल वीज निर्माण करते, रेक्टिफायर-रेग्युलेटर ती सरळ व मर्यादित करतो आणि उरलेली वीज बॅटरीत साठते. इंजिन थांबले की भर थांबते; पुढचा सर्व खर्च साठ्यातून होतो.

हा साठा फार लहान असतो, इकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांची बॅटरी साधारणतः ३ ते ५ अँपिअर-तासांची असते. आता ५००० मिलिअँपिअर-तासांचा फोन घ्या. त्याच्या बॅटरीत सुमारे १९ वॅट-तास मावतात; चार्जरमधील व फोनमधील घट धरता गाडीकडून २५ वॅट-तास द्यावे लागतात. म्हणजे बारा व्होल्टवर दोन अँपिअर-तासांहून किंचित अधिक. गाडी झाडाखाली उभी करून, इंजिन बंद ठेवून एक फोन पूर्ण चार्ज केला, तर ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीचा निम्मा साठा संपला! बॅटरी जुनी असेल तर त्यानंतर सेल्फ स्टार्टर फिरण्याची खात्री नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानक लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत इंधन इंजेक्शनसाठी विजेचा पंप असतो, आणि बॅटरी पार उतरली तर अशी गाडी ढकलूनही चालू होणे कठीण जाते.

याच कारणाने फोन गाडी चालत असतानाच चार्ज करावा. १० वॅटचा चार्जर बॅटरीच्या बाजूने सुमारे एक अँपिअर ओढतो व चालत्या गाडीस हा भार जड नाही. इंजिन अगदी मंद फिरत असताना मात्र वीज कमी निर्माण होते. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढील दिवा इंजिन चालू असेपर्यंत सतत जळतो. साध्या हॅलोजन दिव्याचे ३५ वॅट त्यात जातात. सबब, फोन चार्ज व्हावा म्हणून गाडी जागच्या जागी चालू ठेवण्यात पेट्रोल जाते आणि पदरात फारसे काही पडत नाही.

काय चालेल, काय चालणार नाही

फोनचा चार्जर आणि पाच-दहा वॅटचा एलईडी हातदिवा ही या सॉकेटची खरी कामे. रात्री पंपाच्या खोलीत जोडणी पाहावयाची असो की वाटेत पंक्चर काढावयाचे असो, लांब तारेचा असा दिवा फार उपयोगी पडतो.

चाकात हवा भरण्याचा लहान विजेचा पंप या सॉकेटवर चालवू नये. असे पंप आठ-दहा अँपिअर ओढतात व त्यांना फ्यूज पुरत नाही. तो वापरावयाचाच असेल तर त्याच्या चिमट्याच्या तारा थेट बॅटरीस लावाव्या आणि इंजिन चालू ठेवावे. पण पायपंप स्वस्त आहे, बिघडत नाही आणि खेड्यात तोच बरा.

फवारणीच्या पाठीवरील पंपाची बॅटरी गाडीच्या सॉकेटवर चार्ज करता येईल काय, असा प्रश्न शेतकरी हमखास विचारतात. या पंपात बहुधा १२ व्होल्टची ८ किंवा १२ अँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे गाडीच्या बॅटरीच्या दुप्पट-तिप्पट. व्होल्ट सारखे दिसतात म्हणून दोन्ही बॅटऱ्या तारांनी जोडण्याचा मोह होतो. परंतु भरलेली लहान टाकी रिकाम्या मोठ्या टाकीस खालून जोडली तर काय होईल, याचा विचार करावा. उतरलेली बॅटरी सुरुवातीस एकदम मोठा प्रवाह ओढते. तारा तापतात, फ्यूज उडतो, आणि फ्यूज नसेल तर गाडीची बॅटरी खाली बसते. ही बॅटरी तिच्याबरोबर मिळालेल्या चार्जरवर घरीच चार्ज करावी. दुपारपर्यंत ती पुरत नसेल तर जोडीला दुसरी बॅटरी ठेवावी; गाडीच्या सॉकेटकडून ही अपेक्षा धरू नये.

जोडणीची रीत

थेट जोडणीतील पहिला दोष असा की किल्ली काढल्यावरही सॉकेट जिवंत राहते. यूएसबी सॉकेटच्या आतील यंत्रणा व तिच्यावरील लहानसा दिवा फोन लावलेला नसतानाही थोडी वीज खातात. ती अवघी २० मिलिअँपिअर धरली तरी दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास होतो. गाडी आठवडाभर दारात उभी राहिली तर साडेतीन अँपिअर-तासांच्या आसपास, म्हणजे लहान बॅटरी संपूर्ण, निकामी खर्च होते. यावर उपाय म्हणजे चार पायांचा बारा व्होल्टचा रिले.

रिलेच्या तळाशी पायांचे क्रमांक छापलेले असतात. बॅटरीच्या धन टोकापासून निघालेली तार फ्यूजमधून ३० क्रमांकाच्या पायास जोडावी. ८७ क्रमांकाच्या पायापासून सॉकेटच्या मधल्या टोकास तार न्यावी. ८५ क्रमांकाचा पाय बॅटरीच्या ऋण टोकास जोडावा. सॉकेटच्या बाहेरील कड्याची तारही चेसिसला न अडकवता त्याच ऋण टोकापर्यंत आणावी. रंग व गंज यांमुळे चेसिसवरील जोड कालांतराने ढिला पडतो. उरला ८६. त्यास किल्ली फिरविल्यावरच जिवंत होणारी तार हवी. ब्रेक लाइटच्या स्विचकडे येणारी तार यास बहुधा सोयीची असते, परंतु रंगावर विसंबू नये. टेस्ट लॅम्प लावून किल्ली बंद असता दिवा विझतो व चालू करता पेटतो हे पाहावे. पुढील दिव्याची तार घेऊ नये, कारण काही गाड्यांत तो कॉइलच्या उलटसुलट वाहणाऱ्या विजेवर जळतो व रिले त्यावर खडखडतो. रिलेची कॉइल फारच थोडा प्रवाह घेते, त्यामुळे या तारेवर भार पडत नाही. मूळ तार कापू नये. तिच्या कनेक्टरपाशी दुहेरी पिन बसवून फाटा काढावा. म्हणजे गाडी पूर्ववत करता येते.

फ्यूज ५ अँपिअरचा, फिकट बदामी रंगाचा घ्यावा आणि बॅटरीच्या धन टोकापासून एका वितीच्या आत बसवावा. फ्यूज फोनसाठी नसतो, तो तारेसाठी असतो. बॅटरी व फ्यूज यांच्यामधील तार कोठे घासली तर तिला वाचविणारे काहीच नाही, म्हणून तो तुकडा जितका आखूड तितका चांगला. फ्यूज पुनःपुन्हा उडू लागला तर दोष शोधावा. त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद गुंडाळणारे लोक आहेत. पेट्रोलच्या टाकीपासून एका हाताच्या अंतरावर ते काय करीत आहेत हे त्यांना कोणी तरी सांगावयास हवे.

तार तांब्याची, अनेक धाग्यांची, १ चौरस मिलिमीटरची असावी. जाण्यायेण्याची मिळून तीन मीटर तार धरली तर पाच अँपिअरवर पाव व्होल्टच घटतो. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेत ही घट दुप्पट होते व ती तापतेही अधिक. जोडावर डाख देण्याऐवजी थिंबल दाबून वर आकसणारी स्लीव्ह चढवावी. सततच्या हादऱ्यांनी डाखाच्या कडेशी तार मोडते, असा अनुभव आहे.

काम करताना

काम उघड्यावर, इंजिन थंड असताना व पेट्रोल कोठे झिरपत नाही हे पाहून करावे. प्रथम बॅटरीची ऋण तार सोडावी, नंतर धन. हा क्रम उलटा केला आणि धन टोकाचा बोल्ट फिरविताना पाना चेसिसला टेकला, तर मोठी ठिणगी उडते. परत जोडताना आधी धन, मग ऋण. आणि फ्यूज सर्वांत शेवटी घालावा.

सॉकेट हँडलवर, तोंड किंचित खाली झुकलेले, रबरी झाकणाचे असावे. तार मूळ तारांच्या जुडग्याबरोबर न्यावी व वीतभर अंतराने बांधावी. सायलेन्सर, इंजिनचा डोके-भाग आणि टाकीची धारदार कड यांपासून ती दूर राहिली पाहिजे. सर्वांत नाजूक जागा हँडलच्या मुंडीपाशी आहे. तेथे तारेस थोडी सैल कमान द्यावी, हँडल दोन्ही बाजूंस पूर्ण वळवून ती ताणत वा चिमटत नाही हे बघावे, आणि मगच शेवटची गाठ मारावी. अपघात बहुधा येथेच होतात: महिनोन्महिने घासून वेष्टन झिजते, आणि एके दिवशी भर रस्त्यात वळण घेताना फ्यूज उडतो. फ्यूज नसेल तर तार पेटते.

जोडणी झाल्यावर मल्टिमीटर लावावा. किल्ली बंद असता सॉकेटमध्ये शून्य, चालू करता बॅटरीइतके म्हणजे साडेबाराच्या आसपास, आणि इंजिन मध्यम गतीने फिरत असता साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट मिळावयास हवेत. पंधराच्या वर आकडा गेला तर रेग्युलेटर बिघडला आहे. तो बदलेपर्यंत फोन लावू नये. मध्यम गतीतही आकडा तेराच्या खाली राहत असेल तर गाडीस स्वतःपुरतीच वीज पुरत नाही, तेव्हा सॉकेटचा विचार पुढे ढकलून आधी कॉइल व बॅटरी तपासून घ्यावी. काही जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या असतात, त्यांना हे साहित्य मुळीच लागू नाही.

फोन हँडलवरील पकडीत लावण्यापेक्षा, लांब तारेने जोडून खिशात किंवा पिशवीत ठेवणे चांगले. इंजिनाच्या हादऱ्यांनी फोनच्या कॅमेऱ्यातील नाजूक भाग बिघडू शकतात, असा इशारा अॅपल कंपनीने २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना दिला होता. आणि ज्याला शेतातील छायाचित्रे काढावयाची आहेत त्याला कॅमेराच बिघडून चालणार नाही.

पावसाळ्यापूर्वी एकदा झाकण उघडून सॉकेटच्या आत हिरवट गंज आहे काय ते पाहावे, असल्यास फ्यूज काढून कोरड्या ब्रशने साफ करावे. गाडी धुताना पाण्याची जोरदार धार सॉकेटवर किंवा सीटखालील रिलेवर मारू देऊ नये. रिले पाय खाली करून बसविलेला असला म्हणजे त्यात पाणी साठत नाही.