खांद्याच्या दुखापतीचे निदान : शारीरिक तपासणीतील चाचण्या

खांद्याचा सांधा हा मानवी शरीरातील सर्वाधिक हालचाल करणारा सांधा होय. हा उखळीचा सांधा असला तरी त्याची उखळ उथळ असते. त्यामुळे दंडाच्या हाडाचा गोल माथा जागेवर राखण्याचे काम मुख्यत्वे स्नायू व अस्थिबंध करतात. हालचालीचे स्वातंत्र्य असे स्थैर्याच्या मोबदल्यात मिळते. एमआरआयची सोय नसलेल्या ग्रामीण आरोग्य केंद्रात कोणत्या रुग्णास पुढे पाठवावयाचे, हे प्रामुख्याने शारीरिक तपासणीवरूनच ठरते.

तपासणीचा क्रम
विचारपूस, निरीक्षण, स्पर्श व हालचाल हा क्रम पाळून दोन्ही खांद्यांची तुलना करतात. रुग्णास स्वतः हात उचलता येत नाही, परंतु परीक्षकाने उचलल्यास तो वर जातो, अशा वेळी कंडरा फाटल्याचा किंवा चेतातंतूच्या इजेचा संशय घ्यावा. दोन्ही प्रकारे, विशेषतः बाहेरच्या दिशेने फिरवताना, हात अडत असल्यास 'गोठलेला खांदा' संभवतो. मधुमेहींमध्ये हा विकार अधिक आढळतो.

प्रमुख चाचण्या
१) जोब चाचणी : हात ९० अंशांपर्यंत, किंचित पुढच्या बाजूस उचलून अंगठे जमिनीकडे ठेवतात व परीक्षक हात खाली दाबतो. प्रतिकार दुर्बल असल्यास सुप्रास्पायनेटसची कंडरा फाटल्याची शक्यता असते.
२) गर्बर चाचणी (१९९१) : कमरेमागे ठेवलेला हात पाठीपासून दूर उचलता न येणे हे सबस्कॅप्युलरिसच्या इजेचे लक्षण मानतात.
३) हॉकिन्स-केनेडी चाचणी (१९८०) : दंड समोर ९० अंशांवर, कोपर वाकवलेले, दंड आत फिरवताना वेदना झाल्यास कंडरा हाडाखाली चिमटत असल्याचे सूचित होते.
४) अस्थैर्य चाचणी : दंड बाजूस ९० अंश उचलून बाहेरच्या दिशेने फिरवताच 'खांदा निखळेल' अशी भीती रुग्णास वाटते. येथे वेदनेपेक्षा भीती निर्णायक ठरते.

मर्यादा व दक्षता
हॉकिन्स-केनेडी चाचणीची विशिष्टता कमी आहे. अन्य विकारांतही ती वेदना देऊ शकते. म्हणून एकाच चाचणीवर विसंबू नये. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष जुळल्यास निदान बळकट होते. ताज्या अपघातात अस्थिभंग किंवा सांधा निखळल्याचा संशय असल्यास या चाचण्या टाळाव्यात. प्रथम हाताची नाडी व दंडाच्या वरील बाहेरच्या भागातील संवेदना तपासून क्ष-किरण चित्र घ्यावे. ही संवेदना हरपणे अ‍ॅक्सिलरी चेतातंतूच्या इजेचे द्योतक असते व त्याची नोंद सांधा बसवण्यापूर्वीच होणे आवश्यक असते.