मालधक्क्याची उपकरणे : निवड ट्रकपासून

जबलपूर जिल्ह्यात पाटण, सिहोरा परिसरातील गहू उन्हाळ्याच्या आरंभी ५० किलोच्या पोत्यांतून गोदामांत येऊ लागतो. गोदामाच्या प्रकल्प अहवालात इमारतीचा तपशील विपुल असतो. मालधक्क्यापुढे मात्र ‘फोर्कलिफ्ट : १’ एवढीच नोंद आढळते. वस्तुतः आरंभ ट्रकपासून व्हावयास हवा.

ट्रकच्या हौद्याची उंची सामान्यतः १.२ ते १.४ मीटर असते. माल उतरू लागला की स्प्रिंगांवरील भार घटून हौदा वर उचलला जातो. धक्का व हौदा यांमधील हे बदलते अंतर सांधण्यासाठी डॉक लेव्हलर बसवतात. त्याची क्षमता केवळ मालाच्या वजनावरून ठरवू नये. २ टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजनच ३ टनांहून अधिक असते. म्हणजे लेव्हलरवर एका वेळी ५ टनांहून अधिक भार येतो, तोही चालता.

पोती सुटी, पॅलेटविना येणार असतील, तर फोर्कलिफ्ट बहुधा उभीच राहील. तेथे पट्ट्याचा कन्व्हेयर घ्यावा. हमालांच्या पाठीवरील भारही हलका होतो.

सर्वांत स्वस्त साधन मात्र अहवालात क्वचितच दिसते : चाकांखालचे रबरी ठोकळे. फोर्कलिफ्ट हौद्यात जाऊन थांबली की प्रत्येक धक्क्यासरशी ट्रक किंचित पुढे सरकतो. फट रुंदावते, लेव्हलरचा ओठ निसटतो आणि यंत्र चालकासह खाली कोसळू शकते. काही शे रुपयांच्या या वस्तूची चौकशी कर्ज अधिकाऱ्याने स्थळपाहणीच्या वेळी अवश्य करावी.