नकाशावर नकाशा

'नकाशा' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत तुम्ही ज्याला 'नक्शा' म्हणता, तोच हा शब्द. जमीन, जिल्हा, तालुका हे शब्दही तुमच्या ओळखीचेच आहेत. तेव्हा या पाठाचे नुसते नाव ऐकून घाबरू नका. विषयाचे नाव मात्र जरा लांबलचक आहे : भौगोलिक माहिती प्रणाली. इंग्रजीतील आद्याक्षरांवरून तिला 'जीआयएस' म्हणतात.

आपल्या संगमेश्वराचेच उदाहरण घेऊ. येथे सोनवी नदी शास्त्री नदीला मिळते. मुंबई-गोवा महामार्ग येथूनच जातो. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलैमध्ये नदी फुगली, की बाजारपेठेतील दुकानदार माल उचलून वरच्या फळीवर ठेवू लागतात. आता सांगा, पाणी आणखी ५ फूट चढले तर ते किती घरांत शिरेल? आणि त्या घरांतील माणसांना कोणत्या रस्त्याने बाहेर काढावे?

हे कोणत्याही एका नकाशावरून कळत नाही. जमिनीच्या हद्दी एका नकाशात असतात, रस्ते दुसऱ्यात, जमिनीची उंची तिसऱ्यात. घरात किती माणसे राहतात, ही माहिती तर नकाशात नसतेच. ती कुठल्यातरी नोंदवहीत असते. उत्तर हवे असेल तर हे सगळे एकावर एक ठेवावे लागते.

हे तुम्ही वर्गातही करून पाहू शकता. चार पारदर्शक कागद घ्या. पतंगाचा कागद चालणार नाही, बटर पेपर घ्या. एकावर नद्या काढा, दुसऱ्यावर रस्ते, तिसऱ्यावर घरे आणि चौथ्यावर डोंगर. मग चारही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेवर धरा. कोणते घर नदीला लागून आहे आणि कोणते डोंगराच्या पायथ्याशी, ते लगेच दिसेल. मात्र सर्व कागदांचे प्रमाण एकच हवे आणि कोपरे नीट जुळायला हवेत. नाहीतर घर नदीत जाऊन बसेल!

जीआयएसमध्ये संगणक हेच काम करतो. प्रत्येक कागदाला तेथे 'थर' म्हणतात, म्हणजे उर्दूतील 'तह'. कोपऱ्यांऐवजी अक्षांश आणि रेखांश जुळवले जातात. शिवाय नकाशातील प्रत्येक घरामागे एक तक्ता असतो. त्यात घराचा क्रमांक, माणसांची संख्या, भिंती मातीच्या की चिऱ्याच्या, असे काहीही नोंदवता येते. हा तक्ता नसेल तर ते नुसते चित्र.

ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली. जॉन स्नो या डॉक्टरांनी मृत्यू कोणत्या घरांत झाले ते नकाशावर मांडले आणि त्याच नकाशावर पाण्याचे सार्वजनिक पंपही दाखवले. मृत्यूंच्या खुणा ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या. रोग कोठून पसरतो, याचे उत्तर दोन थरांनी दिले. पुढे १९६० नंतर कॅनडात रॉजर टॉमलिन्सन या भूगोलतज्ज्ञांनी हे काम संगणकावर आणले. भारताने १९८८ मध्ये आयआरएस-१ए हा उपग्रह सोडला. असे उपग्रह जमिनीची छायाचित्रे सतत पाठवतात. त्यावरून जंगल, शेती, पाणी यांचे थर तयार होतात.

आपल्या कोकणात या प्रणालीचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग दरडींसाठी आहे. साखरप्याहून आंबा घाटाने कोल्हापूरला गेला असाल, तर पावसाळ्यात रस्त्यावर आलेली माती तुम्ही पाहिली असेल. दरड कोसळण्यास एकच कारण नसते. उतार किती तीव्र, माती किती जाड, खाली खडक कोणता, झाडे आहेत की तोडली आहेत, पाणी कोठे मुरते, हे सारे मिळून ठरते. म्हणजे पुन्हा थरांवर थर आले.

३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. १५० हून अधिक माणसे गाडली गेली. बाहेरच्या जगाला पहिली खबर दिली ती एका एसटी चालकाने, कारण रोजच्या जागी गावच दिसेना. त्याच वर्षी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेने देशातील दरडप्रवण भागाचे नकाशे करण्याचे मोठे काम सुरू केले. हा भाग सुमारे ४ लाख २० हजार चौरस किलोमीटर आहे. या नकाशांचे प्रमाण १ : ५०,००० आहे, म्हणजे जमिनीवरील १ किलोमीटर अंतर नकाशात २ सेंटीमीटर. एवढ्या नकाशात तुमचे घर टिंबाएवढेही दिसणार नाही. डोंगराची धोकादायक बाजू कळते, पण तेथील वाडीच्या मागे पडलेली भेग कळत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड आली. दरडींचा धोका असलेल्या गावांच्या यादीत या वाडीचे नाव नव्हते, असे नंतर सरकारनेच सांगितले. माझ्या मते, नकाशा वाचायला शिकताना ही घटना माहीत असायलाच हवी. संगणकाला जे सांगितले जाते तेवढेच त्याला ठाऊक असते. डोंगरउतारावर नवी भेग पडणे, झाडे किंवा विजेचे खांब कलणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे, जमिनीतून नवे पाणी फुटणे, या खुणा सर्वांत आधी दिसतात त्या तेथे राहणाऱ्यांना. अशी खूण दिसली तर मोठ्या माणसांना घेऊन लगेच तलाठी किंवा तहसील कार्यालयात कळवावे. पाऊस जोरात असेल तर आधी घर सोडावे.

आता तुमच्या त्या चार कागदांवर पाचवा कागद ठेवा. घरातील दादा-दादी, नाना-नानी यांना विचारा, की मोठ्या पुरात पाणी कोठपर्यंत आले होते. ते भिंत, पायरी किंवा एखादे झाड दाखवतील. ती जागा कागदावर निळ्या रेघेने दाखवा आणि शेजारी ते साल लिहा.