धड्याचे चित्रण पाहताना

शिकवीत असताना शिक्षकाला स्वतःचा वर्ग पुरता दिसत नाही. धडा, फळा आणि घड्याळ सांभाळताना मागचे मूल केव्हा खिडकीबाहेर पाहू लागले, हे ध्यानात येत नाही. म्हणून वर्गाचे चित्रण करून ते मागाहून पाहण्याची रीत निघाली.

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६३ च्या सुमारास ड्वाइट ॲलन व त्यांच्या सहकाऱ्यांनी होतकरू शिक्षकांसाठी ती बसविली. थोडी मुले, लहानसा धडा, एकच कौशल्य. मग चित्रफीत पाहून चर्चा, आणि तोच धडा पुन्हा. आपल्याकडे १९७० च्या दशकात बडोदे व इंदूर येथे या 'सूक्ष्म अध्यापना'चा अभ्यास झाला. येथे कॅमेऱ्याऐवजी निरीक्षक वहीत नोंदी करीत, आणि सहाध्यायीच विद्यार्थी होत. त्याचा ३६ मिनिटांचा फेरा बी.एड. झालेल्या वाचकांना आठवत असेल. आज कॅमेरा खिशातच आहे.

पण पाहायचे काय? पुष्कळजण आपला आवाज ऐकूनच संकोचतात. आमच्या मते मुलांकडे पाहावे. मोबाईलही त्यांच्याकडे तोंड करून ठेवावा. मेरी बड रो यांनी वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी १ सेकंदच थांबतात असे आढळले. ३ सेकंद थांबले की उत्तरे लांबतात, एरवी गप्प राहणारी मुलेही बोलतात. चांगल्या शोमरोन्याचा धडा घ्या. जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला, असे विचारून आपणच उत्तर देऊन टाकतो. जिने बोलायला ओठ उघडले होते ती मुलगी तशीच गप्प बसते. हे वर्गात निसटते, चित्रणात दिसते. एकच प्रश्न निवडावा, त्यानंतरचे सेकंद मोजावेत आणि पुढच्या रविवारी तेवढेच सुधारावे.

एक गोष्ट मात्र शब्बाथ शाळेच्या अधीक्षकांनी सांभाळावी. चित्रण शिक्षकाचे आहे. ते मागू नये, त्यावरून शिक्षकाची पारख करू नये. शिक्षकाने आपण होऊन दाखविले, तर 'येथे मुले काय करीत होती?' एवढेच विचारावे. आईवडिलांची परवानगी आधी घ्यावी, मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर काही टाकू नये, आणि काम झाले की पुसून टाकावे. परीक्षा चालली आहे असे वाटले, तर शिक्षक त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्तच बोलेल, आणि त्या मुलीची पाळी येणारच नाही.