सरकारची हमी असूनही बँक नाही का म्हणते?

मंडळी, व्हिडिओत वेळ पुरला नाही, म्हणून हे उदाहरण इथे लिहितोय.

2008 च्या सुमारास अमेरिकेत घरांचे भाव कोसळले. घर स्वस्त, कर्ज मात्र मोठं! हप्ते नियमित भरणाऱ्या अशा लोकांना कमी व्याजाचं नवं कर्ज मिळावं म्हणून 2009 मध्ये सरकारने 'हार्प' योजना आणली. कर्जाला हमी फॅनी मे किंवा फ्रेडी मॅकची. तरीही बऱ्याच मोठ्या बँका फक्त स्वतःच्याच जुन्या कर्जदारांना घ्यायच्या. का?

मेख इथे आहे बघा. कर्ज बुडालं आणि कागदपत्रांत खोट निघाली, तर या संस्था ते कर्ज बँकेच्याच गळ्यात मारू शकत. 2011 मध्ये ही जबाबदारी सैल केली, पण जास्त सूट जुन्याच बँकेला. मग परकी बँक कशाला हात लावेल? स्पर्धा नाही म्हटल्यावर जुनी बँक व्याज चढंच लावणार.

आपल्याकडची सीजीटीएमएसईची हमीसुद्धा बँकेसाठी असते, फेडायचं तुम्हालाच. म्हणून मॅनेजरला 'योजना आहे का' एवढंच विचारू नका. 'माझ्या फाइलमध्ये तुम्हाला नेमकी कशाची धास्ती वाटते', हे विचारा.