ग्रुपवर बोललीस, आता ग्रामसभेत बोल

धाकटे, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची तू अ‍ॅडमिन झालीस हे ऐकून मला फार बरं वाटलं. ज्या पारावर आपल्या आईला कधी बसता आलं नाही, तिथल्या गप्पा आता तुझ्या हातातल्या फोनवर चालतात. तू नळाच्या गढूळ पाण्याचा फोटो टाकलास, त्यावर भराभर अंगठे आले, सरपंचांनीही ‘बघतो’ म्हटलं. पाणी मात्र अजून तसंच आहे, म्हणून हिरमुसली आहेस ना? जरा ऐक माझं.

अगं, त्या अंगठ्यांची नोंद कुठेच होत नाही. नोंद होते ती ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचे ग्रामसेवक, भाऊसाहेबांच्या प्रोसिडिंग बुकात. ठराव काय, सूचक कोण, अनुमोदक कोण, हे तिथे शाईने लिहिलं गेलं तरच उद्या पंचायत समितीत त्याला कोणी विचारतं. ग्रुपमधला राग दुसऱ्या दिवशीच्या गुड मॉर्निंगखाली गाडला जातो.

म्हणून ग्रुप सोडू नकोस. तो माणसं जमवायला वापर. ग्रामसभेचा कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतला जो आकडा कमी असेल तो. तेवढेही येत नाहीत, मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही. मग चारचौघं बसून जे ठरवतील ते अख्ख्या गावाचं ठरतं. फलकावर अजेंडा लागला की त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाक. आदल्या दिवशी पुन्हा टाक. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आपल्या पंचायतीचं नाव काढून आराखडा आणि खर्चही बघून ठेव. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातला ६० टक्के बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच होता. तो कुठे गेला, हे आकडा समोर धरून विचारलंस की ‘बघतो’ म्हणून वेळ मारून नेता येत नाही.

नेटवरच्या आवाजाने काही होत नाही, असं मात्र मी मुळीच म्हणणार नाही. २०१५ साली इंटरनेट सगळ्यांना सारखं मिळावं की कंपन्यांना त्यात भेदभाव करू द्यावा, यावर दूरसंचार नियामक ट्रायने लोकांची मतं मागवली. तो मसुदा शंभराहून जास्त पानांचा, सामान्य माणसाने कधी वाचला असता? काही तरुण मंडळींनी त्यातले वीस प्रश्न सोपे केले, उत्तरांचा ईमेल तयार करून दिला, आणि दहा लाखांहून अधिक ईमेल ट्रायकडे गेले. त्याच वर्षाअखेरीस वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावावेत का, यावर ट्रायने पुन्हा मतं मागवली, तेव्हा फेसबुकनेही आपल्या फ्री बेसिक्सच्या, म्हणजे ठरावीक संकेतस्थळं फुकट देणाऱ्या योजनेच्या, बाजूने लाखो लोकांकडून ठरावीक संदेश पाठवून घेतले. पण विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंच त्यात नाहीत, असं ट्रायने बजावलं, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी आली. तयार मजकूर दोन्हीकडे होता, धाकटे. फरक पडला तो नेमक्या प्रश्नाला उत्तर देण्याने. तूही ‘पाणी घाण येतं’ एवढंच म्हणू नकोस. कुठल्या वस्तीत, कधीपासून, टाकी शेवटची कधी धुतली, हे विचार.

आणखी एक मनातलं सांगते. ग्रुपमध्ये बायकांची नावं किती आहेत ते मोजू नकोस, त्या नावामागे फोन कोणाच्या हातात आहे ते बघ. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, तरी कितीतरी गावांत सदस्यबाईंच्या नंबरवरून त्यांचे यजमानच उत्तर देतात. अशा बाईकडे तू स्वतः जा, तिच्या ओट्यावर बस. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घ्यायची हे कायद्यातच आहे. ती कागदावर न होता खरोखर होऊ दे. जी बाई ग्रुपवर एक ओळ लिहीत नाही, ती तिथे किती सविस्तर बोलते ते तुझं तूच बघशील.

अ‍ॅडमिन म्हणून एका बाबतीत मात्र कठोर राहा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षा मागायला आलेल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं, तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात. जिथे गावाने एकत्र बसून विचार करायचा, तिथेच. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा आणली, पण खरी मर्यादा तुलाच घालावी लागेल. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, सामायिक हेतू नसेल तर, अ‍ॅडमिनला गुन्हेगार ठरवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा घाबरू नकोस. पण अफवा दिसली की लगेच काढ, मग टाकणारा आपला चुलता का असेना.

आता येत्या सभेला पाण्याचा ठराव तू मांड, अनुमोदनाला शेजारच्या वहिनींना आधीच सांगून ठेव. बऱ्याच ठिकाणी हजेरीच्या सह्या आधी घेतात आणि ठराव मागाहून लिहितात. तू तसं होऊ देऊ नकोस. ‘भाऊसाहेब, लिहिलेलं वाचून दाखवा,’ असं सगळ्यांसमोर म्हण, आणि ते वाचून होईपर्यंत जागेवरून उठू नकोस.